गुडघ्यावरचं पीठ

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता भावजींची चिकटपट्टीशी लढाई चालू होती आणि भावजी हरत होते.

टेबलावर पार्सल होतं, हातात पट्टीचं भेंडोळं होतं, पण त्या भेंडोळ्याचं टोक कुठे गडप झालं होतं ते देव जाणे. भावजींनी नखाने चाचपडलं, उजेडाकडे धरलं, शेवटी दात लावले. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस. चुकलेला स्वल्पविराम त्यांना दहा पावलांवरून दिसायचा. टोक मात्र दिसेना.

"दात सांभाळा, भावजी," वहिनी पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या. "खरे चारच उरलेत."

घड्याळजीच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत वहिनींचं खासगी चौकशीचं काम चालायचं. थोरले भाऊ गेले, त्यानंतर वर्षभराने वहिनींनी दारावर पाटी लावली. निवृत्त होऊन घरात भिंतीकडे बघत बसलेल्या दिराला त्यांनी बजावलं, "उद्यापासून नऊच्या ठोक्याला यायचं. टिपणं काढायला माणूस हवाय." तीन वर्षांत टिपणांच्या अकरा वह्या भरल्या होत्या. गुन्हेगाराचं नाव भावजींनी अकरा वह्यांत एकदाही बरोबर ओळखलं नव्हतं.

दार वाजलं. पंचावन्नच्या आसपासची एक बाई आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "माझ्या वडिलांचा शेवटचा डबा चोरीला गेलाय."

भावजींनी लिहिलं: डबा, जेवणाचा.

"फिल्मचा डबा," ती म्हणाली. तिने सिनेमाचं नाव सांगितलं आणि भावजींच्या हातातली पट्टी गळून पडली.

'आमच्याकडे असं चालत नाही'! बावन्न वर्षांपूर्वीचा तो सिनेमा भावजींना पाठ होता. त्यात एक खानदानी बाप आहे, नाकावर माशी बसू न देणारा. त्याची मुलगी पाववाल्याच्या पोराच्या प्रेमात पडते आणि बाप एकोणीस वेळा म्हणतो, "आमच्याकडे असं चालत नाही." सिनेमात तीनदा त्याची काठी खाली पडते. तीनही वेळा तो वाकत नाही. कुणीतरी येऊन उचलून देईपर्यंत छताकडे बघत ताठ उभा राहतो. थिएटरातली पोरं ओरडायची, "उचला, साहेब, उचला."

"म्हणजे काठीसाहेब तुमचे वडील?" भावजींनी विचारलं.

"तेच तर दुखणं आहे." तिने सुस्कारा सोडला. "लोकांना वाटलं, आप्पा खरेच तसे आहेत. रस्त्याने चालले की पोरं मागे लागायची. दुकानदाराची विचारपूस केली, तरी तो म्हणायचा, साहेब थट्टा करतायत. आप्पांनी तो सिनेमा आजवर पाहिला नाही. विचारलं की म्हणायचे, त्यातला माणूस काढून टाकलाय त्यांनी, राहिलीय ती नुसती काठी."

"आणि पुढची कामं?" वहिनींनी पेपर घडी करून ठेवला.

"दोन वर्षं कुणी उभं केलं नाही. आप्पांच्या सिगरेटने स्टुडिओतली फिल्म जळाली अशी बोलवा झाली होती. त्यांनीच कबूल केलं म्हणे. पण आप्पांनी जन्मात सिगरेट ओढलेली नाही. मी विचारलं की विषय बदलतात."

मग तिने मुद्द्याची गोष्ट सांगितली. जुनं थिएटर बंद झालं होतं. उद्या, रविवारी दुपारी तीन वाजता तिथे एकच शेवटचा खेळ होता, आणि तो याच सिनेमाचा. जगात उरलेली ही एकच प्रत, आठ डब्यांत आठ रिळं. काल सकाळी थिएटरच्या मालकांनी डबे उघडले, तर आठव्यात साबणाची जाहिरात निघाली.

"मालक कालच खेळ रद्द करणार होते. मी हातापाया पडून आज संध्याकाळपर्यंत मुदत घेतलीय." ती खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. "आप्पा एक्याण्णव वर्षांचे आहेत. हृदय थकलंय. डॉक्टरांनी दोन तासांची परवानगी दिलीय, आणि पुन्हा मागू नका म्हणालेत. बावन्न वर्षांत पहिल्यांदा ते बघायला तयार झालेत. रोज विचारतात, रविवार कधी. शेवटच नाही असं त्यांना कसं सांगू?"

"इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस आत्ता कसा तयार झाला?"

तिने पर्समधून दोन पास काढले. त्यांच्यासोबत आलेली चिठ्ठीही काढली. त्यावर सही नव्हती, दोनच ओळी होत्या: 'या वेळी नक्की या. या वेळी सगळं आहे.'

वहिनींनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चपला घातल्या.

*

थिएटरच्या दर्शनी दालनात खुर्च्यांवर चादरी टाकल्या होत्या. मालक भिंतीवरच्या तसबिरी उतरवून भिंतीला टेकवून ठेवत होते. एकच अजून वर होती: त्या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगाची. पावाच्या भट्टीच्या दारात काठीसाहेब खांबासारखे ताठ उभे, अंगात काळा कोट, काळी पँट, आणि उजव्या गुडघ्यावर पांढराफटक डाग.

"वहिनी, ती बघा प्रसिद्ध चूक," भावजी खुलले. "एका क्षणी पँट काळी कुळकुळीत, दुसऱ्या क्षणी गुडघ्याला पीठ. मध्ये काहीच नाही, नुसता एक झटका बसतो. आम्ही पोरं त्या जागेची वाट बघायचो. कपडेवाल्याची डुलकी, दुसरं काय."

वहिनी तसबिरीसमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

मालक वैतागलेले होते. "सिनेमा माझ्या वडिलांनी काढलेला. सोमवारी ही प्रत फिल्मसंग्रहालयात जायचीय. सोमवारी सकाळी प्रत आहे तशी ताब्यात द्यायची, आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही, असा करार आहे. म्हणून काल डबे मोजायला घेतले. एरवी उद्यापर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता, कारण आठवा डबा वजनाला अगदी बरोबर होता."

"तुम्हाला फिल्ममधलं कळतं?"

"छे हो. उजेडाकडे धरलं, साबण दिसला. वडील असताना मला केबिनमध्ये शिरायचीसुद्धा बंदी होती."

"केबिनची किल्ली कुणाकुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक ऑपरेटरकडे. तिसरी तिकीटखिडकीत कॅलेंडरमागे. ते सगळ्यांना माहीत आहे."

"वडील कसे होते?"

मालकांनी हातातली तसबीर भिंतीला टेकवली. "कडक. काठीसाहेबांना ते म्हणाले होते, लोक तुझ्या ताठ कण्यावर हसायला येतात, कणा सांभाळ. एवढं मला आठवतंय."

*

केबिनचा जिना अरुंद होता. वरच्या पायरीवर ऑपरेटर आडवा उभा राहिला.

"बाईंना येऊ द्या, चौकशी आहे. तुम्ही बाहेरच थांबा," तो भावजींना म्हणाला. "केबिनमध्ये बाहेरचं माणूस चालत नाही. चाळीस वर्षं चालत आलेलं नाही."

भावजी पायरीवर उभं राहून टिपणं घेऊ लागले. आत दोन मशीनं तेल लावून लख्ख ठेवलेली दिसत होती. ऑपरेटरने सगळे डबे उघडले, पहिल्यातल्या फिल्मचं टोक ओठांत धरलं आणि सोडलं.

"हे काय?" भावजींनी बाहेरून विचारलं.

"रसायनाची बाजू ओठाला चिकटते. अंधारातही कळतं."

"सातही रिळं शेवट बाहेर ठेवून गुंडाळलेली आहेत," वहिनी डब्यांत डोकावत म्हणाल्या.

"माझी पद्धत आहे ती. खेळ झाला की उलटं गुंडाळायचं नाही. पुढच्या खेळाआधी हाताने गुंडाळायचं, म्हणजे इंच न् इंच बोटाखालून जातो. मंगळवारी मी आठही रिळं तशी तपासून, पुन्हा शेवट बाहेर करून ठेवली होती. त्यानंतर केबिन बंदच होती."

"आणि ही साबणाची?"

ऑपरेटरने तोंड वाकडं केलं. "अडगळीतल्या दोन जाहिराती जोडून एक केल्यात. सुरुवात बाहेर. जोडही माझा नाही. मी पारदर्शक पट्टीने जोडतो. हा खरवडून फिल्म-सिमेंटच्या द्रवाने चिकटवलाय, जुन्या लोकांसारखा."

"टोकाला कागदी चिकटपट्टी लावलीय. तिचा कोपरा दुमडलेला दिसतोय."

"असेल. मी तसं करत नाही."

"ही प्रत सोमवारी जाणार, याचं तुम्हाला वाईट वाटतं?"

"वाटतं की." त्याने सातव्या डब्यावरून हात फिरवला. "माझ्या हाती असतं तर दिली नसती. पण शेवटचा खेळ अर्धा दाखवायला मला वेड लागलेलं नाही."

भावजींनी ऑपरेटरच्या नावापुढे दोन जाड रेघा ओढल्या.

*

तिकीटखिडकीत एक वाळकीशी बाई उद्याचे पास पाकिटांत भरत होती. वय सत्तरीचं. तीस वर्षं इथेच तिकिटं फाडली, असं तिने सांगितलं. त्याआधी कुठे होतात, असं वहिनींनी विचारल्यावर ती म्हणाली, "अशीच. बारीकसारीक कामं."

आत जेमतेम दोन माणसांची जागा. एका दोरीवर पांढरे सुती हातमोजे वाळत होते. कोपऱ्यात एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. आणि एक गोडसर, झणझणीत वास होता.

"नखांना रंग लावत होतात वाटतं?" भावजींनी मोकळेपणाने विचारलं. "माझी पुतणी लावते, तेव्हा घरभर हाच वास सुटतो."

तिकीटबाईंनी हात चटकन पासांखाली सरकवले. तरी दिसलेच: नखं बारीक कापलेली आणि कोरी.

बोलता बोलता भावजींची वही टेबलावरून सरकली आणि तिचं कव्हर सुटलं. तिकीटबाईंनी न मागता कागदी चिकटपट्टी पुढे केली. भावजींना टोक लगेच सापडलं, कारण ते त्रिकोणी दुमडून ठेवलेलं होतं. कव्हर चिकटवून झाल्यावर तिने पट्टी परत घेतली, टोक पुन्हा दुमडलं आणि पुढचा पास उचलला.

"काठीसाहेब उद्या येणार आहेत म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"हो." तिकीटबाईंचा हात थांबला. "यायलाच हवेत."

बाहेर आल्यावर भावजी हळूच म्हणाले, "ऑपरेटर, वहिनी. प्रेमापोटी चोरी. पैज लावा."

"बाराव्या वहीतही तेच का, भावजी?" वहिनी हसल्या. "सगळ्यांना चार वाजता तसबिरीखाली बोलवा."

*

चार वाजता दालनातल्या चादरी बाजूला सारून सगळे बसले: मालक, ऑपरेटर, तिकीटबाई आणि काठीसाहेबांची लेक. लेकीने रुमालाचा पार बोळा केला होता.

"पहिली गोष्ट," वहिनी म्हणाल्या, "चोरी झालेली नाही. रीळ याच इमारतीत आहे आणि उद्या तीनच्या आत ते परत येणारच होतं. म्हणून तर डब्याचं वजन जुळवून ठेवलं होतं. मालकांनी काल डबे उघडले नसते, तर आपण इथे जमलोच नसतो."

"मग नेलं कुणी?" मालक म्हणाले.

"फिल्म हाताळणाऱ्या माणसाने. म्हणजे तुम्ही नाही. ऑपरेटरही नाहीत. चाळीस वर्षं शेवट बाहेर ठेवणारा हात एका दिवसात सुरुवात बाहेर ठेवत नाही. जोडही त्यांच्या पद्धतीचा नाही. खरवडून सिमेंटने जोडायचं, काम झालं की रीळ सुरुवातीला आणून ठेवायचं, पट्टीचं टोक दुमडायचं म्हणजे पुढच्या वेळी नख लावावं लागत नाही. ही मशीनवरच्या माणसाची सवय नव्हे. जिथे सिनेमा कापून जोडतात, त्या खोलीतली आहे. आज दुपारी आमच्या भावजींना एक टोक फार सहज सापडलं."

भावजींनी वहीकडे बघितलं. कव्हरवर पट्टी होती.

"आणि वास तर त्यांनी स्वतः ओळखला. फिल्म जोडायच्या सिमेंटला नखांच्या रंगासारखाच वास येतो. खिडकीत वास होता, पण नखं कोरी होती. सुती हातमोजे वाळत होते. तिकिटं फाडायला हातमोजे कोण घालतं?"

सगळ्यांच्या माना तिकीटबाईंकडे वळल्या. त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"पण कशासाठी?" लेक म्हणाली. "आप्पांनी यांचं काय वाईट केलं?"

"उलट आहे ते." वहिनी तसबिरीकडे वळल्या. "गुडघ्याला पीठ लागलंय. अख्ख्या सिनेमात हा माणूस वाकत नाही, मग पीठ लागलं कसं? गुडघा जमिनीला टेकल्याशिवाय लागत नाही. म्हणजे तो वाकला होता. चित्रणात वाकला, फोटो त्यानंतर काढला. मग मधला तुकडा कापला गेला. म्हणून तिथे झटका बसतो, आणि म्हणून तुमचे आप्पा म्हणायचे की त्यातला माणूस काढून टाकला."

मालकांचा चेहरा उतरला. "कणा सांभाळ," ते पुटपुटले. "वडिलांनीच कापायला लावलं असणार."

"कापायला लावलं त्यांनी, पण कापलं एका जोडणाऱ्या मुलीने. आणि तिने तो तुकडा कचऱ्यात टाकला नाही. बावन्न वर्षं तो बिस्किटांच्या डब्यात राहिला. आता ती तो परत जोडतेय. पास याच खिडकीतून गेले आणि चिठ्ठीही त्यांच्यासोबतच गेली: या वेळी सगळं आहे." वहिनींचा आवाज मऊ झाला. "फक्त एकच मला तर्काने सांगता येईल, खात्रीने नाही. सिगरेट न ओढणारा माणूस 'माझी सिगरेट' म्हणतो, तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. बरोबर आहे ना, बाई?"

तिकीटबाईंनी मान हलवली.

"एकोणीस वर्षांची होते मी," मग त्या म्हणाल्या. "या सिनेमाचं काम संपत आलं होतं. तीन रात्री जागून झालेल्या. दिव्याखाली रीळ ठेवलं आणि डोळा लागला. दोन रिळं करपली. मोठे मालक ओरडत आले. माझ्या घरात मिळवती मी एकटी. साहेब दारात उभे होते, ते म्हणाले, माझी सिगरेट पडली. त्यांच्या खिशात काडेपेटीसुद्धा नव्हती."

"आणि तुम्ही?" लेकीने विचारलं.

"मी गप्प बसले. आभार मानायचे तर चूक कबूल करायला हवी होती. धीर झाला नाही. मग उशीर झाला, मग फारच उशीर झाला. तो तुकडा त्यांनी स्वतः हट्ट धरून चित्रित करायला लावलेला. तो कापायची पाळी माझ्यावरच आली. निदान जपून तरी ठेवला. फिल्म आकसलीय, भोकं फाटलीत, एकेक नीट करायला चार दिवस लागले. शेवटचा एक जोड राहिलाय."

लेक उठली आणि तिकीटबाईंच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्यांचा हात धरला.

"मला का नाही सांगितलंत?" ऑपरेटर म्हणाला. "तीस वर्षं वर-खाली काम करतोय आपण."

"तुमच्या केबिनमध्ये बाहेरचं माणूस कुठे चालतं?"

ऑपरेटर लाजला. भावजींना ते बघून मनातल्या मनात बरं वाटलं.

"पण करार," मालक चाचरत म्हणाले. "बोट लावायचं नाही असं..."

"सोमवारी ताब्यात दिल्यानंतर," वहिनी म्हणाल्या. "आज शनिवार आहे. आणि जे तुमच्या वडिलांनी काढून घेतलं, ते परत ठेवायची संधी तुम्हाला दुसऱ्यांदा मिळणार नाही."

मालकांनी तसबिरीकडे पाहिलं. "जोडा," ते म्हणाले.

तिकीटबाईंनी खिडकीतून रीळ आणलं. ऑपरेटरने डोळे मिटून जोडावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "कळतच नाही कुठे आहे ते," तो म्हणाला. मग त्याने जिन्याकडे हात केला. "वर चला. शेवटचा जोड माझ्या टेबलावर लावा. मी दिवा धरतो."

*

रविवारी थिएटर भरलं. काठीसाहेब लेकीचा हात धरून आले आणि मधल्या वाटेच्या कडेला बसले. लहानसा, वाळलेला माणूस. पहिल्यांदा काठी पडली तेव्हा लोक हसले, तिसऱ्यांदा सगळं थिएटर ओरडलं, "उचला, साहेब, उचला." काठीसाहेब डोळे मिटून बसले होते.

आठवं रीळ लागलं. भट्टीच्या दारात पाववाल्या पोराची म्हातारी आई आली आणि तिच्या हातातली काठी पडली. लोक हसायच्या तयारीत बसले. ताठ बाप छताकडे बघत उभा राहिला. मग त्याने मान खाली घातली, पीठ सांडलेल्या जमिनीवर गुडघा टेकला, काठी उचलून म्हातारीच्या हातात दिली, आणि तिच्याच खांद्याचा आधार घेऊन उठला. गुडघा पांढरा झाला होता. या वेळी झटका बसला नाही.

कुणी हसलं नाही. मग मागून टाळ्या सुरू झाल्या. भावजींना पडदा नीट दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी शेजारी बघितलं. काठीसाहेबांचे डोळे उघडे होते.

दिवे लागल्यावर लेक तिकीटबाईंना घेऊन आली. "आप्पा, हा तुकडा यांनी जपला. करपलेल्या रिळांवरची त्या दिवशीची मुलगी."

म्हाताऱ्याने निरखून पाहिलं. "झोपली होतीस," तो म्हणाला. "टेबलावर डोकं ठेवून."

"हो, साहेब. तुमचे आभार मानायचे राहिले होते. माझं घर चाललं त्या दिवसामुळे. भावंडं शिकली."

"आणि आज मी वाकलेला लोकांनी पाहिला. फिट्टंफाट झाली. बस इथे."

"नको, साहेब. मी उभीच बरी."

काठीसाहेबांनी शेजारच्या खुर्चीवरची काठी उचलली आणि जागा मोकळी केली.

"आमच्याकडे असं चालत नाही," ते म्हणाले.

ती बसली. ऑपरेटरने न सांगता आठवं रीळ पुन्हा लावलं.

*

सोमवारी नऊच्या ठोक्याला भावजींनी पार्सल बांधलं, पट्टी तोडली आणि टोक त्रिकोणी दुमडून ठेवलं.

"वहिनी," ते म्हणाले. "दादा गेल्यावर मी भिंतीकडे बघत बसलो होतो. टिपणं काढायला माणूस तुम्हाला नको होता. मला कुणीतरी हवं होतं. हे सांगायला तीन वर्षं लागली."

वहिनींनी पेपर खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"शेवटी एकदा बरोबर ओळखलंत, भावजी," त्या म्हणाल्या. "वहीत लिहून ठेवा."